शॉट पटकन सापडावा म्हणून : नागपुरात एडिटिंग शिकायला येणाऱ्यांसाठी

नागपुरात एडिटिंगच्या कामाला लागणाऱ्या बहुतेक मुलांचा हात लग्नाच्या फुटेजवर बसतो. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होतो. एकेका लग्नाचे दोन-तीन कॅमेरे, ड्रोन आणि वर नातेवाइकांच्या मोबाइलमधले व्हिडिओ येतात. नव्या मुलाला ट्रान्झिशन आणि कलर शिकायची घाई असते. पण स्टुडिओवाले भाऊ बघतात ते वेगळंच. "नवरीची आजी अक्षता टाकते तो शॉट काढ बरं," असं म्हटल्यावर तो शॉट किती वेळात समोर येतो, यावरून पुढचं काम कोणाला द्यायचं ते ठरतं. एडिटचा वेळ कटिंगपेक्षा शोधण्यात जास्त जातो. म्हणून आधी शोधणं शिका, असं मी प्रत्येकाला सांगतो.

माझा एकच नियम आहे. डिस्कवर फुटेज जसं कार्डातून आलं तसंच ठेवायचं आणि सॉफ्टवेअरमध्ये ते तुम्ही ज्या नावाने शोधणार त्या नावाने लावायचं. या दोन रचना वेगळ्या आहेत, त्यांची सरमिसळ झाली की गोंधळ सुरू होतो.

आधी डिस्क. सोनीच्या कॅमेऱ्यात फाइलचं नाव सी0001, सी0002 असं पडतं. सेटिंग तसं असेल तर कार्ड फॉरमॅट केल्यावर ते पुन्हा एकपासून सुरू होतं. दोन कॅमेऱ्यांची सी0001 एकाच फोल्डरमध्ये टाकली आणि विंडोजने विचारलेल्या प्रश्नाला घाईत 'रिप्लेस' म्हटलं, की एक क्लिप गेली. त्यासाठी प्रत्येक कार्डाचा वेगळा फोल्डर हवा. नावात आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, नंतर कॅमेरा आणि कार्ड. असं लिहिलं की फोल्डर आपोआप तारखेने लागतात. फोल्डरची नावं इंग्रजी अक्षरांतच ठेवा, काही जुने प्लगिन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडलेली छोटी टूल, देवनागरी नावावर अडतात. कार्डाच्या आतली रचना मोडू नका आणि फाइलचं मूळ नावही बदलू नका. क्लिपसोबत आलेली, तिची माहिती असलेली एक्सएमएल फाइल त्याच नावावर तिच्याशी जोडलेली असते. नाव बदलायचंच असेल तर ते प्रोजेक्टच्या आत बदला. प्रीमिअर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट पॅनेलमध्ये, म्हणजे सगळ्या क्लिप दिसतात त्या चौकटीत, क्लिपचं नाव बदललं तरी डिस्कवरची फाइल तशीच राहते.

कॅमेऱ्यांची घड्याळं शूटच्या आधी एकमेकांशी जुळवायला सांगा. सगळ्यांचा टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर नोंदलेली वेळ, प्रत्यक्ष वेळेवर चालू असेल, तर प्रीमिअरच्या लिस्ट व्ह्यूमधल्या, म्हणजे क्लिपच्या यादीतल्या, 'मीडिया स्टार्ट' कॉलमवर क्लिक केल्याबरोबर सगळ्या कॅमेऱ्यांचे शॉट घडले त्या क्रमाने लागतात. मंगलाष्टकांचे सगळे अँगल एकाखाली एक दिसतात. विंडोजमध्ये फाइल लावताना एक लक्षात ठेवा. कॉपी केल्यावर 'डेट क्रिएटेड' कॉपीच्या वेळेची होते, 'डेट मॉडिफाइड' मात्र सहसा शूटचीच राहते.

आता सॉफ्टवेअरच्या आतलं बघू. त्यासाठी लग्नापेक्षा मारबतीचं उदाहरण बरं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरात काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. बरोबर त्या-त्या वर्षीच्या प्रश्नांवर केलेले बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, असतात. गर्दी प्रचंड, रीटेक शक्यच नाही आणि कॅमेरामन दिसेल ते टिपत सुटलेला. हे फुटेज 'कॅमेरा ए', 'कॅमेरा बी' अशा बिनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आतल्या फोल्डरमध्ये, पडून राहिलं तर एडिटरच्या काही कामाचं नाही. मी बिन करतो ते असे : काळी, पिवळी, बडगे, दोघींची भेट, चेहरे, वाजंत्री, गच्चीवरून आणि घोषणा. शेवटचा बिन फक्त आवाजाचा. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" हा घोष एखाद्या हललेल्या, आउट ऑफ फोकस क्लिपमध्ये अगदी स्वच्छ मिळतो. चित्र वाईट म्हणून ती क्लिप टाकून दिली तर आवाजही गेला. म्हणून मी काहीच डिलीट करत नाही, 'नको' नावाच्या बिनमध्ये सरकवतो.

बडग्यांच्या प्रत्येक क्लिपला डिस्क्रिप्शनमध्ये वर्ष आणि विषय लिहा. बडगे दरवर्षी नवे असतात, त्यामुळे पुढे कोणी "महागाईवरचे जुने बडगे आहेत का?" असं विचारलं, तर हे दोन शब्दच कामी येतात. लिहिताना आधी कोण, मग काय करतं, मग शॉट किती जवळचा : 'आजी, हात जोडते, क्लोज'. देवनागरीत लिहिणाऱ्यांनी सर्च अक्षरं जुळवतो हे ध्यानात ठेवावं. 'बडगा' शोधलं तर 'बडगे' येत नाहीत, 'बडग' एवढंच टाकलं तर दोन्ही येतात. आणि लिहून झालं की विंडोज-स्पेसबार दाबून कीबोर्ड परत इंग्रजीवर आणा. मराठी कीबोर्डवर शॉर्टकट दगा देतात.

निवड करताना फुटेज दोनदा बघा. पहिल्या वेळी फक्त हो की नाही. प्रोजेक्ट पॅनेल आयकॉन व्ह्यूवर ठेवा, माउस त्यावर असताना टिल्डची की दाबा, पॅनेल स्क्रीनभर होतं. थंबनेलवरून माउस फिरवला की क्लिप न उघडता दिसते. सलग क्लिप घ्यायच्या तर शिफ्ट, वेचून घ्यायच्या तर कंट्रोल, आणि सगळ्यांना एकदम लेबलचा रंग. लेबलला शॉर्टकट लावून घ्या, राइट क्लिकमध्ये फार वेळ जातो.

दुसऱ्या वेळी हात जे, के, एल (मागे, थांब, पुढे) या कींवरून हलू द्यायचा नाही. एल दोनदा दाबला की वेग वाढतो, तरी बोलणं कळतं. आवडलेला तुकडा आय (सुरुवात) आणि ओ (शेवट) ने बांधा आणि कॉमा किंवा पूर्णविरामाच्या कीने थेट सिलेक्ट्सच्या, म्हणजे निवडलेल्या तुकड्यांच्या, टाइमलाइनवर टाका. ही सिलेक्ट्सची टाइमलाइन मुख्य टाइमलाइनच्या वर, एकाच वेळी दिसेल अशी लावा. एडिटर मंडळी याला पॅनकेक म्हणतात. नजर आणि हात एकाच जागी राहतात. एवढी एक सवय लागली तरी काम किती हलकं होतं ते तुम्हालाच कळेल.

लिस्ट व्ह्यूकडे मुलं वळतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं. 'फ्रेम रेट'वर क्लिक करा, स्लो मोशनचे सगळे शॉट एकत्र येतात आणि मोबाइलचे सेकंदाला 30 फ्रेमचे व्हिडिओ 25 फ्रेमच्या क्लिपपासून वेगळे पडतात. 'व्हिडिओ युसेज' कॉलम कोणता शॉट किती वेळा वापरला ते सांगतो. लग्नाच्या हायलाईटमध्ये तोच शॉट दोनदा जाऊ नये म्हणून एक्स्पोर्टच्या आधी तो एकदा बघाच.

डाव्हिंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरवर काम करत असाल तर कट पेजवरचं 'सोर्स टेप' वापरा. अख्खा बिन एका लांब टेपसारखा सलग बघता येतो, पहिल्या वेळच्या पाहणीला याहून सोपं काही नाही. क्लिपला कीवर्ड दिले आणि त्यावर स्मार्ट बिन केला, की नंतर आलेलं फुटेजही कीवर्ड देताच आपोआप त्यात जाऊन बसतं.

बिनची रचना एकदा जमली की रिकाम्या बिनचा एक प्रोजेक्ट सेव्ह करून ठेवा. लग्नाचा वेगळा : हळद, सीमांतपूजन, वरात, मंगलाष्टकं, सप्तपदी, पाठवणी, घरचे चेहरे, लॉनची सजावट. नवं काम आलं की त्याची कॉपी उघडायची आणि थेट फुटेज बघायला बसायचं. 'घरचे चेहरे' या बिनमध्ये शूटच्या दिवशीच घरच्या कोणाला तरी विचारून आई, बाबा, आजी, मामा यांची एकेक क्लिप नावासकट टाकून घ्या. नंतर स्टुडिओत बसून नवरीचा मामा कोणता, हे सांगणारं कोणी नसतं.