गोव्याच्या उकाड्यात नाचणीची ग्लुटेन-फ्री बिअर: चाखायची कशी, काढायची कशी

ज्यांना सीलिॲकमुळे (ग्लुटेनने आतड्याला इजा होते तो आजार) ग्लुटेन, म्हणजे गहू-जवातलं प्रथिन, बंद आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. पाव, पोयी, उंडे सुटणार हे पहिल्याच दिवशी कळतं, पण बिअरही सुटली हे बऱ्याच जणांच्या लक्षात उशिरा येतं, कारण साधी बिअर जवाच्या माल्टची (मोड आणून सुकवलेल्या जवाची) असते आणि व्हीट बिअरमध्ये तर वर गहूपण. फेणी, हुर्राक, माडाची सूर यांत ग्लुटेन नसतं, ती सोय गोव्यात आहेच, पण एप्रिलच्या उन्हातून घरी आल्यावर थंड, कडवट, फेसाळ काहीतरी हवं असतं ना, ते त्यातून मिळत नाही.

विकत मिळाली तर आधी लेबल नीट वाचा. ग्लुटेन-फ्री म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) नियमही हाच. पण अशी बिअर दोन प्रकारची असते. एक मुळातच ग्लुटेन नसलेल्या धान्याची, म्हणजे ज्वारी, तांदूळ, बकव्हीट (कुट्टू) वगैरे. अमेरिकेतली रेडब्रिज ज्वारीची आहे, माँट्रियलची ग्लूटेनबर्गपण याच प्रकारातली. दुसरी जवाचीच, फक्त एन्झाइम घालून ग्लुटेनचे तुकडे केलेली. सीलिॲक असेल तर ही दुसरी घेऊच नका असं मी सांगेन, कारण तुकडे झालेलं ग्लुटेन टेस्टमध्ये खात्रीने मोजता येत नाही.

चाखताना जवाच्या बिअरशी तुलना करत बसू नका, नाहीतर प्रत्येक घोट कमीच वाटेल. ज्वारीला किंचित आंबट, धातूसारखी कड असते, तांदळाची हलकी आणि कोरडी लागते, बकव्हीटला भाजलेल्या दाण्यांचा वास, नाचणीला मातकट आणि थोडा कोकोसारखा. फेस लवकर बसतो, तो दोष समजू नका. बर्फासारखी थंड असेल तर जिभेला काहीच कळत नाही, फ्रीजमधून काढून दहा मिनिटं ठेवा, आधी वास घ्या, मग घोट तोंडात फिरवून गिळा आणि कडवटपणा किती वेळ रेंगाळतो ते बघा. लोण्याचा किंवा हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर कच्ची राहिलीय, ओल्या पुठ्ठ्याचा आला तर हवा लागून शिळी झालीय. आणि सोबतच्या चकण्याकडे लक्ष ठेवा!! बाजारातल्या बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ असतं त्यामुळे शेव, फरसाण नको, भाजलेले काजू किंवा खारे शेंगदाणे बरे.

आता घरी काढायची गोष्ट. गोव्यात दारू गाळायला किंवा बनवायला १९६४ च्या अबकारी कायद्याप्रमाणे परवाना लागतो, तेव्हा सुरू करायच्या आधी तालुक्याच्या अबकारी ऑफिसात विचारा, आणि पिणारा २१ च्या वरचाच हवा.

धान्य म्हणून मी नाचणीच सांगेन. सत्तरी, काणकोणात ती पिकते, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळते, आणि मोड आल्यावर तिच्यात स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स चांगली तयार होतात. नेपाळ-सिक्कीमकडचं तोंगबा हे आंबवलेलं पेय नाचणीचंच असतं, म्हणजे ही काही आपली नवी शक्कल नाही. ज्वारीच्या मोडांत मात्र सायनाइड सोडणारं द्रव्य असतं, त्यामुळे पहिल्याच खेपेला ज्वारीच्या वाटेला जाऊ नका.

पाच लिटरसाठी सव्वा किलो नाचणी निवडून धुवा, १२ ते १८ तास भिजवा, आपल्याकडच्या उष्णतेत दर सहा तासांनी पाणी बदला नाहीतर आंबूस वास येतो. मग निथळून ओल्या कापडात दोन-तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. मोड साधारण एक सेंटीमीटर झाले की कडक उन्हात सुकवा, चोळून मोड झाडून टाका. बुरशीचा वास आला किंवा काळं-हिरवं काही दिसलं तर सगळं फेकून द्यायचं, धुऊन वापरू नका. पावसाळ्यात हे जमत नाही, डिसेंबर ते मे हाच काळ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गिरणीवर दळायला देऊ नका! तिथे आधी गहू दळलेला असतो. घरच्या मिक्सरमध्ये रव्यासारखं भरडा.

आता खरी मेख. नाचणीचा स्टार्च जवापेक्षा जास्त तापमानाला फुलतो आणि तेवढ्या उष्णतेत एन्झाइम्स मरतात, म्हणून दोन्ही वेगळे करायचे. एक किलो भरडा पाच लिटर कोमट पाण्यात कालवून पाऊण तास ठेवा, खाली बसला की वरचं सव्वा लिटरभर पाणी काढून फ्रीजमध्ये ठेवा, एन्झाइम्स त्यातच आहेत. उरलेला लगदा आणि ३०० ग्रॅम तांदळाचा मऊ शिजवलेला भात एकत्र करून वीस मिनिटं उकळा, तळाला लागतं म्हणून ढवळत राहा. ७५ अंशांच्या जरा खाली उतरला की बाजूला ठेवलेलं पाणी ओता, सगळं मिळून ६३-६५ ला यायला हवं, स्वयंपाकघराचा थर्मामीटर लागणारच. मग गोधडीत गुंडाळून दोन तास. बशीत थेंबभर घेऊन त्यावर आयोडीन टाका, निळं-काळं झालं तर स्टार्च बाकी आहे, अजून ठेवा.

गाळणं हे कंटाळवाणं काम आहे, नाचणीला जवासारखं टरफल नसतं त्यामुळे कापड चोंदतं. धुतलेलं भाताचं तूस दोन मुठी मिसळलंत तर सोपं जातं. वरून दोन लिटर गरम पाणी ओतून धुऊन घ्या.

गाळलेलं तासभर उकळायचं, सुरुवातीलाच ८ ग्रॅम हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी सुकी फुलं), १५० ग्रॅम माडाचा गूळ, आणि शेवटच्या पाच मिनिटांत बिया काढलेली चार-पाच तिरफळं. तिरफळाचा लिंबासारखा वास नाचणीच्या मातकटपणावर फार छान बसतो, बांगड्याच्या हुमणापुरतंच ते ठेवू नका. हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता मोजून साखरेचा अंदाज देणारी काचेची नळी) १.०४० च्या आसपास यायला हवं, कमी आलं तर थोडा गूळ वाढवा.

यीस्ट ड्राय घ्या, लिक्विड यीस्ट बऱ्याचदा जवाच्या माल्टवर वाढवलेलं असतं. नेहमीचं एल यीस्ट (बिअरचं एक सर्रास वापरलं जाणारं यीस्ट) २० अंशांच्या आसपास खूष असतं, आपल्या घरात ३० असतात, मग बिअरला थिनरसारखा वास येतो. त्यामुळे नॉर्वेचं क्वाइक यीस्ट मागवा, ते ३५ ते ४० अंशांत उत्तम चालतं, एसी लागत नाही. मात्र त्याला खाणं भरपूर लागतं म्हणून चिमूटभर यीस्ट न्यूट्रिएंट घाला. भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून ३५ पर्यंत गार करा, निर्जंतुक केलेल्या बादलीत ओता, तीन ग्रॅम यीस्ट टाकून एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारं पण हवा आत न येऊ देणारं झाकण) लावा. इथून पुढे जे जे बिअरला लागेल ते सॅनिटाइझ केलेलंच हवं, आणि बादली नवी, आधी जवाची बिअर काढलेली नको.

आठवड्याभरात काम होतं, पण दिवस मोजू नका, हायड्रोमीटरचा आकडा दोन दिवस तोच राहिला तरच बाटलीत भरा. १.०४० वरून १.०१० ला आली तर साधारण चार टक्के अल्कोहोल. लिटरमागे ६ ग्रॅम साखर विरघळवून भरायची, सोड्याच्या प्लास्टिक बाटल्या घ्या, हाताने दाबल्या की गॅस किती झाला ते कळतं, काचेची बाटली जास्त गॅसने फुटते आणि ते धोक्याचं आहे. अंधाऱ्या जागी आठवडाभर, बाटली दगडासारखी कडक झाली की सरळ फ्रीजमध्ये, आणि दोन महिन्यांच्या आत संपवा. ओतताना तळाचा गाळ हलवू नका.