आकडेवारीवर चालणाऱ्या पोलीस व्यवस्थापनाने गुन्हे घटले का? मूल्यमापनात या चुका टाळा

न्यूयॉर्कमध्ये १९९४ साली पोलीस आयुक्त विल्यम ब्रॅटन आणि त्यांचे सहकारी जॅक मेपल यांनी ‘कॉम्पस्टॅट’ सुरू केले. ठाणेनिहाय ताजे आकडे आणि नकाशे समोर ठेवून ठाणेप्रमुखाला भर बैठकीत जाब विचारायचा, अशी ही पद्धत होती. पुढे खून झपाट्याने घटले आणि श्रेय सरसकट तिच्या पदरात पडले. पहिली चूक इथेच होते. १९९० मध्ये शहरात २,२०० हून अधिक खून झाले होते आणि १९९३ मध्ये, म्हणजे कॉम्पस्टॅटच्या आधीच, तो आकडा २,००० च्या खाली आला होता. शिवाय त्याच दशकात पोलिसांचे संख्याबळ वाढले, क्रॅक कोकेन या अमली पदार्थाचा बाजार ओसरला आणि जिथले पोलीस वेगळ्या पद्धतीने काम करत होते त्या सॅन दिएगो या अमेरिकी शहरातही गुन्हे घटले. म्हणून आधीच्या पाच-सात वर्षांचा कल मांडल्याशिवाय ‘आधी आणि नंतर’ अशी तुलना करू नये.

अशी पद्धत आधी काही जिल्ह्यांत राबवून पाहायची, तर त्या प्रयोगासाठी सर्वांत वाईट वर्ष गेलेले जिल्हे निवडणे हीही चूकच, कारण तिथला आकडा पुढच्या वर्षी काही न करताही बहुधा खाली येतो. चिठ्ठ्या टाकून टप्प्याटप्प्याने जिल्हे घ्यावेत, म्हणजे अजून पाळी न आलेल्या जिल्ह्यांशी तुलना करता येते.

सर्वांत अवघड भाग वेगळाच आहे: ज्याची परीक्षा, त्याच्याच हातात गुणपत्रिका, कारण गुन्ह्यांची नोंद पोलीसच करतात. न्यूयॉर्कच्या कायद्यात मालाची किंमत १,००० डॉलरपेक्षा जास्त असली की साधारणपणे ती मोठी चोरी ठरते आणि प्रमुख गुन्ह्यांत मोजली जाते. तेव्हा १,१०० डॉलरची सायकल ‘वापरलेली’ म्हणून ९०० ची लिहिली, की गुन्हा घडूनही आकडा घटतो. अशी फेरफार पकडण्यासाठी मर्यादेच्या जरा खालच्या नोंदी अचानक वाढल्या का, हे तपासावे आणि मारहाणीचे आकडे रुग्णालयांच्या नोंदींशी ताडून पाहावेत. खून लपवणे अवघड असते आणि वाहनचोरीची फिर्याद विम्यासाठी द्यावीच लागते, त्यामुळे हे दोन आकडे तुलनेने विश्वासार्ह मानावेत.

महाराष्ट्रातील जिल्ह्यांची तुलना करणाऱ्यांनीही सावध राहावे. १ जुलै २०२४ पासून ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची साधी चोरी अदखलपात्र झाली आहे आणि अशा गुन्ह्यांची नोंद वेगळ्या वहीत होते, त्यामुळे दाखल गुन्हे केवळ त्या कारणानेही कमी दिसू शकतात. अदखलपात्र नोंदवही मागवल्याशिवाय चोरीचा आलेख काढू नये.