निवृत्त प्राध्यापकांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू करताना

एखादे प्राध्यापक निवृत्त झाले की त्यांचे विद्यार्थी गौरव समिती स्थापन करतात, वर्गणी जमते, शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो आणि उरलेल्या रकमेतून सरांच्या किंवा बाईंच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू करण्याचे ठरते. हा क्रम उलटा असावा. शिष्यवृत्तीचा निधी आधी उभा करावा आणि समारंभाचा खर्च वेगळ्या वर्गणीतून भागवावा.

ज्यांच्या नावाने शिष्यवृत्ती द्यायची त्यांची संमती प्रथम घ्यावी, आणि ती कोणत्या विद्यार्थ्यासाठी असावी हेही त्यांनाच विचारावे. कोणाची अडचण कोठे असते, हे तीस वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. एकाच विभागातून काही वर्षांत तिघे-चौघे निवृत्त होणार असतील, तर प्रत्येकाच्या नावाने लहान ठेव करण्यापेक्षा विभागाचा एकच निधी करून त्यात सर्वांची नावे घालावीत, असे माझे मत आहे. पुढे निवृत्त होणाऱ्यांची नावे त्यात जोडता येतात आणि प्रत्येक वेळी मुद्दलात भर पडते.

रकमेचा हिशेब मात्र शांतपणे करावा. 6.5 टक्के व्याज धरल्यास 10,000 रुपयांच्या ठेवीवर वर्षाला 650 रुपये मिळतात, आणि तेवढ्यात आज कोणाचीही अडचण दूर होत नाही. 5 लाख रुपयांवर 32,500 रुपये येतात. ते सगळे वाटून टाकले तर मुद्दल आकड्याने तेवढेच राहते, पण महागाईमुळे त्याची किंमत दरवर्षी घटत जाते. म्हणून दोन विद्यार्थ्यांना प्रत्येकी 12,000 रुपये द्यावेत आणि उरलेले 8,500 रुपये मुद्दलात मिळवावेत. हे प्रमाण पहिल्याच दिवशी लिहून ठेवले नाही, तर नंतर प्रत्येक वर्षी कोणीतरी जास्त वाटण्याचा आग्रह धरतो.

पैसे कोणाकडे द्यायचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपल्याकडील बहुतेक खासगी महाविद्यालये एखाद्या नोंदणीकृत शिक्षणसंस्थेची असतात, त्यामुळे धनादेश त्या संस्थेच्या नावाने काढावा. प्राचार्यांच्या किंवा समितीच्या खजिनदाराच्या वैयक्तिक खात्यात वर्गणी कधीही जमा करू नये. प्रत्येक देणगीदाराकडून ‘ही रक्कम कायम निधीसाठी आहे’ असे लेखी पत्र घ्यावे, कारण तसे स्पष्ट लिहिलेले नसेल तर आलेली देणगी संस्थेचे चालू उत्पन्न समजली जाऊ शकते. संस्थेच्या हिशेबात या निधीचे स्वतंत्र खाते असावे आणि ते दरवर्षीच्या लेखापरीक्षणात दिसावे. देणगीवर प्राप्तिकरातील, 80जी नावाने ओळखली जाणारी सवलत हवी असणाऱ्यांनी संस्थेची त्यासाठीची मान्यता चालू आहे ना, हे आधी पाहावे. सर्वसाधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट, तीही उत्पन्नाशी निगडित मर्यादेत, मिळते. 2,000 रुपयांहून अधिक रोख देणगीवर ती मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांना तिचा उपयोग नाही. परदेशातील माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांचे नागरिकत्व भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही, परंतु ज्यांनी परदेशी पारपत्र घेतले आहे त्यांच्याकडून देणगी घेण्यासाठी संस्थेला विदेशी अभिदाय नियमन कायद्याखाली नोंदणी लागते. वर्गणीचे आवाहन पाठवण्यापूर्वीच हे तपासावे.

यानंतर संस्थेशी लेखी करार करावा आणि तिच्या व्यवस्थापन मंडळाचा ठराव त्याला जोडावा. निवड कोण करणार, पात्र विद्यार्थी न मिळाल्यास त्या वर्षीच्या व्याजाचे काय करायचे, ज्या विषयासाठी शिष्यवृत्ती आहे तो विषयच बंद झाला तर पुढे काय, हे सारे त्यात यावे. असे प्रश्न आज अनावश्यक वाटतील. पण चिंतामणराव देशमुखांनी 1912 साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, तेव्हा नाना शंकरशेटांना जाऊन 47 वर्षे झाली होती. आपला निधीही आपल्यानंतर चालावा अशी इच्छा असेल, तर आपण नसताना लागणारी उत्तरे कागदावर असली पाहिजेत.

निकषांत केवळ गुणांना स्थान देऊ नये. शुल्काचा भार हलका करणाऱ्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसारख्या शासकीय योजना आहेत आणि त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरता येतात, तरीही खाणावळ, एसटीचा पास, पुस्तके आणि खोलीचे भाडे उरतेच. आपली शिष्यवृत्ती या खर्चासाठी आहे, असे स्पष्ट लिहावे. माझा सर्वांत मोठा आग्रह वेळेबाबत आहे. बहुतेक ठिकाणी अशी रक्कम स्नेहसंमेलनाच्या पारितोषिक वितरणात दिली जाते, म्हणजे हिवाळ्यात. विद्यार्थी मात्र अडतो तो जून-जुलैत, पुढच्या वर्षाला प्रवेश घेताना. त्यामुळे मागील निकालावरून निवड करून रक्कम प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा करावी आणि प्रमाणपत्र हवे तर समारंभात द्यावे. अर्जातील घरच्या परिस्थितीचा तपशील व्यासपीठावरून कधीही वाचून दाखवू नये.

दरवर्षी ऑगस्टमध्ये ठेवीची स्थिती, मिळालेले व्याज आणि वाटप यांचे एका पानाचे निवेदन संस्थेकडून मागवावे, आणि त्याची प्रत देणगीदारांबरोबर त्या प्राध्यापकांच्या घरीही पाठवावी.