साठेखत कोणी मोडले, हे नोटीस देण्यापूर्वी कसे ठरवावे

साठेखताची, म्हणजे मिळकत पुढे विकण्याच्या लेखी कराराची, मुदत उलटली आणि खरेदीखत झाले नाही, की विकणारा इसार (करारावेळी घेतलेली आगाऊ रक्कम) जप्त केल्याचे कळवतो आणि घेणारा दुप्पट इसार परत मागतो. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतात, पण मुदत संपली त्या दिवशी पुढचे काम नेमके कोणाचे होते, हे बहुधा दोघांनीही पाहिलेले नसते. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या दृष्टीने मात्र सगळे त्यावरच ठरते.

म्हणून आधी साठेखत समोर घेऊन प्रत्येक कलमाशेजारी तीन गोष्टी लिहाव्यात: हे काम कोणी करायचे, केव्हा करायचे, आणि त्याआधी दुसऱ्या कोणी काही करायचे आहे का. कामांचा क्रम लिहिलेला असेल तर तोच पाळावा लागतो. नसेल तर कलम ५२ प्रमाणे व्यवहाराच्या स्वरूपावरून तो ठरतो. ज्याचे काम आधीचे आहे त्याने ते केले नसेल, तर कलम ५४ प्रमाणे तो समोरच्याकडे पूर्ततेची मागणी करू शकत नाही, उलट झालेल्या नुकसानीची भरपाई त्यालाच द्यावी लागते. खरेदीखत करून देणे आणि उरलेली रक्कम देणे ही कामे सहसा एकाच वेळी करायची असतात. तेथे आपण स्वतः तयार व राजी असल्याखेरीज समोरच्याला दोष देता येत नाही.

अटींपाशी विशेष थांबावे, कारण बहुतेक वाद येथेच उभे राहतात. समजा, जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मिळाल्यावर खरेदीखत करायचे ठरले आहे. परवानगी मिळणे ही दोघांच्याही हाताबाहेरची घटना आहे; ती कायमची नाकारली गेली तर करार कलम ३२ प्रमाणे निरर्थक ठरतो, कोणीही भंग केलेला नसतो, आणि घेतलेली रक्कम कलम ६५ प्रमाणे परत करावी लागते. पण परवानगीसाठी अर्ज करणे ही घटना नव्हे, ते कर्तव्य आहे. विकणाऱ्याने अर्जच केला नाही, तर 'परवानगी आली नाही' असे म्हणून त्याला सुटता येत नाही. नथुलाल विरुद्ध फूलचंद या १९६९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले: परवानगी मिळवणे आणि महसुली नोंदीतले भावाचे नाव काढून घेणे ही विकणाऱ्याची आधीची कामे होती, म्हणून उरलेली रक्कम मुदतीत न देणारा खरेदीदार दोषी ठरला नाही.

नुसती तारीख उलटणे म्हणजे करार मोडणे नव्हे. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात मुदत हा कराराचा गाभा आहे असे सहसा गृहीत धरले जात नाही. मात्र शब्दांवरून आणि परिस्थितीवरून तसा हेतू दिसू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या चांद राणी प्रकरणात १९९२ मध्ये स्पष्ट झाले आहे. मुदत गाभा नसेल तर विलंबासाठी भरपाई मागता येते, करार रद्द करता येत नाही. उशिरा आलेली रक्कम स्वीकारायची असेल, तर स्वीकारतानाच भरपाईचा हक्क राखून ठेवल्याचे लेखी कळवावे, नाहीतर कलम ५५ प्रमाणे तो हक्क जातो.

समोरच्याने पूर्ततेला साफ नकार दिला, तर कलम ३९ प्रमाणे करार संपवता येतो. मात्र शब्दांनी किंवा वागण्याने तो पुढे चालू ठेवण्यास संमती दिली, तर त्या नकाराच्या आधारे करार संपवता येत नाही. एकीकडे 'करार रद्द' अशी नोटीस आणि दुसरीकडे पुढच्या हप्त्याची मागणी, असे कधीही करू नये. भाव वाढले किंवा कर्ज महागले, एवढ्याने कलम ५६ ची अशक्यता, म्हणजे पूर्तताच अशक्य झाल्याने करार संपणे, सिद्ध होत नाही. दुसऱ्या महायुद्धात सरकारने जमीन तात्पुरती ताब्यात घेतली, तरीही विक्रीचा करार संपला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सत्यव्रत घोष प्रकरणात १९५३ मध्ये ठरले.

परस्पर संमतीने करार सोडायचा असेल तर कलम ६२, आणि मुदत वाढवून द्यायची असेल तर कलम ६३ वाट मोकळी करते. येथे एक खबरदारी मला फार महत्त्वाची वाटते: साठेखत नोंदणीकृत असेल, तर ते नंतर तोंडी बदलले किंवा तोंडीच रद्द केले, असा पुरावा न्यायालय घेत नाही. रद्दलेखही नोंदवून घ्यावा.

इसार जप्त करण्याचे कलम असले तरी कलम ७४ खाली वाजवी भरपाईच मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या कैलाशनाथ निकालाप्रमाणे, नुकसानच झाले नसेल तर जप्ती टिकत नाही.

करार पुरा करून घ्यायचा असेल, तर बँकेतील शिल्लक, कर्जमंजुरीचे पत्र आणि खरेदीखताची तारीख मागणारी पत्रे पहिल्या दिवसापासून जपावीत, कारण आपण सतत तयार व राजी होतो हे दावा करणाऱ्यालाच सिद्ध करावे लागते. दाव्याची मुदत ३ वर्षांची असते: साठेखतात तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नकार कळल्यापासून.