कविता तुम्ही लिहिली की यमकाने?

एका अंकासाठी आलेल्या कविता वाचून निवडायचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि नवीन लिहिणारे नेहमी एकच विचारतात की माझी कविता चांगली आहे का हे ओळखायचं कसं. तर जे काय कळलंय ते सांगतो.

आधी एक गैरसमज. कविता फसते ती भावना खोटी असते म्हणून, असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं हो. ढिगातल्या बहुतेक कवितांमागचं दुःख अगदी खरं असतं, पण कागदावर येताना ते तयार शब्दांच्या ताब्यात जातं. म्हणजे बघा, हा मीच आत्ता बनवलेला नमुना:

तुझ्या आठवांचा पाऊस
मनाच्या अंगणी बरसला
हृदयाचा चातक वेडा
तुझ्याचसाठी तरसला

यात लिहिणाऱ्याने स्वतः काय ठरवलं? आठवण आली की पाऊस, पाऊस आला की अंगण, मग चातक, सगळं रांगेत उभंच होतं. 'तरसला' तर 'बरसला'ला जोडीदार हवा म्हणून आला, एरवी तो माणूस बोलताना तरसणं हा शब्द वापरतो का? नाही. या ओळी कोणीही कोणासाठीही लिहू शकला असता, हीच अडचण आहे.

आता हेच असं लिहिलं तर:

पहिल्या पावसात छत्री उघडली
घडीतून पडलं
तुझं बसचं तिकीट

फार ग्रेट कविता आहे असं म्हणत नाही, पण इथे आठवण हा शब्द नसताना आठवण आहे. ती व्यक्ती कुठे गेली, गेली की वारली, छत्री दोघांत एकच होती का, हे वाचणारा आपोआप विचारायला लागतो. नवख्या कवीला नेमकी याची भीती वाटते की लोकांना कळलं नाही तर? म्हणून तो शेवटी दोन ओळी जोडतो, 'असंच असतं आयुष्य' छापाच्या. माझा अनुभव असा की आलेल्या कवितांमधल्या शेवटच्या दोन ओळी झाकून वाचल्या तर निम्म्या तिथेच सुधारतात.

यमक वाईट असं मात्र समजू नका. बहिणाबाई चौधरींच्या कवितेत यमक भरपूर आहे, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, गाणी तोंडीच रचलेली, आणि संग्रह आला तो त्या गेल्यावर, 1952 साली. पण त्यांचं यमक शेतातल्या, घरातल्या बघितलेल्या गोष्टींवर येऊन बसतं, गोष्टी यमकासाठी शोधून आणलेल्या वाटत नाहीत. सोपे शब्द म्हणजे बाळबोध कविता हाही समज त्यांना वाचलं की जातो.

वृत्ताचंही तेच. भुजंगप्रयात शिकायचं असेल तर मनाचे श्लोक मोठ्याने म्हणा, लगागा (एक लघु म्हणजे आखूड अक्षर, मग दोन गुरू म्हणजे लांब) चार वेळा, ओळीला 12 अक्षरं, कान लगेच पकडतो. मग स्वतःचं लिहिलेलं त्याच चालीत म्हणा. जिथे 'रे', 'हो', 'ते', 'की' नुसते मात्रा भरायला बसलेत ते ऐकू येतं. 'नदी'ची 'नदि' करायची सूट जुन्या कवींनी घेतलीय हे खरं, पण नवख्याच्या दर ओळीत ती दिसली की समजायचं वृत्त अजून हाताला बसलेलं नाही.

मुक्तछंदवाल्यांना वाटतं आपण यमक-वृत्तातून सुटलो. सुटलो वगैरे काही नाही, उलट तिथे लपायला जागाच नसते, आणि बरेच जण गद्य लिहून मध्ये मध्ये एंटर मारतात. सगळ्या ओळी सलग पॅराग्राफसारख्या टाईप करून बघा, काहीच हरवलं नाही तर ओळी तोडण्यामागे कारण नव्हतं.

गझलेत काफियांची (म्हणजे यमक जुळणाऱ्या शब्दांची) यादी आधी करून शेर (दोन-दोन ओळींच्या जोड्या) पाडणारे खूप आहेत. यादी करणं चूक नाही, जाणकारही करतात, पण काफिया सुचला म्हणून खयाल (कल्पना) आला असेल तर पहिली ओळ नुसती भरती निघते आणि रदीफ (काफियानंतर दर वेळी तसाच येणारा शब्द) शेपटासारखा लटकतो. प्रत्येक शेर एकटा काढून वाचा, उभा राहतो का बघा. मतला (गझलेचा पहिला शेर) जमला की लोक खूश होऊन बाकीचे शेर ढकलून देतात, हे तर दर वेळी दिसतं.

आणि टाळ्यांवर जाऊ नका प्लीज. आवाज चांगला असेल तर मंचावर साधारण कवितासुद्धा वाहवा मिळवते. त्यापेक्षा कागद दुसऱ्याच्या हातात द्या, त्यालाच वाचू द्या, आणि 'कशी वाटली' विचारू नका कारण उत्तर 'छान' येणार. कुठे अडखळलास, कुठली ओळ आधीच माहीत असल्यासारखी वाटली, एवढंच विचारा आणि त्या ओळींवर पेन्सिलने खूण करून ठेवा, भांडण नंतर.