वसुलीची नोटीस आणि ट्रिब्युनलची हद्द : आयकराच्या वकिलीतील पहिल्या वर्षांचा अनुभव

आयकराच्या वकिलीत माझी उमेदवारी सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. भिवंडीचे एक यंत्रमाग कारखानदार भरदुपारी ऑफिसात आले. कामगारांच्या पगाराचे त्यांचे चेक बँकेने परत केले होते, कारण आयकर कायद्याच्या कलम 226(3) खालची वसुलीची नोटीस आदल्या दिवशीच शाखेत पोचली होती आणि खात्यातली शिल्लक आयकर खात्याकडे भरण्यास बँकेला फर्मावले होते. सिनियर कोर्टात अडकले होते, म्हणून मीच मोठ्या उत्साहाने त्या नोटिशीविरुद्ध आयकर अपिलीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आम्ही सगळे ज्याला ट्रिब्युनल म्हणतो तिथे, दाखल करायचे अपील लिहायला बसलो. संध्याकाळपर्यंत अकरा मुद्दे तयार झाले होते. सिनियरांनी फॉर्म 36 हातात घेतला, ज्या आदेशाविरुद्ध अपील आहे त्याच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली आणि विचारले, "इथे तू नोटिशीची तारीख घातली आहेस. आदेश कुठे आहे?"

या शाखेत नव्याने येणाऱ्या बहुतेकांची पहिली चूक हीच असते, असे माझे मत झाले आहे. ट्रिब्युनल 1941 पासून काम करत आहे आणि वस्तुस्थितीच्या प्रश्नांवर त्याचा शब्द शेवटचा मानला जातो, पण त्याचा अधिकार कायद्याने मोजून दिलेला आहे. कोणत्या आदेशांविरुद्ध तिथे जाता येते, याची यादी कलम 253 मध्ये आहे : पहिले अपील ऐकणारे खात्याचे अधिकारी म्हणजे कमिशनर (अपील्स) यांचा आदेश, कलम 263 खालचा फेरतपासणीचा आदेश, विवाद निवारण समितीच्या निर्देशांनुसार झालेले करनिर्धारण (कराची आकारणी), धर्मादाय संस्थेची नोंदणी नाकारणारा आदेश, आणि असेच आणखी काही. कलम 156 ची मागणी नोटीस या यादीत नाही, बँकेला किंवा ऋणकोला जाणारी 226(3) ची नोटीसही नाही. कर वसुली अधिकाऱ्याने कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली केलेल्या जप्तीविरुद्धचे अपील त्या परिशिष्टाच्या नियम 86 प्रमाणे वरिष्ठ आयुक्तांकडे जाते. कंपनीची थकबाकी संचालकाच्या माथी मारणाऱ्या कलम 179 च्या आदेशाविरुद्ध तर अपीलच नाही. तिथे कलम 264 खाली आयुक्तांकडे फेरतपासणीचा अर्ज करायचा किंवा उच्च न्यायालयात रिट करायची. गंमत म्हणजे कर वेळेवर न भरल्याबद्दल कलम 221 खाली दंड लावला, तर तो आदेश मात्र कमिशनर (अपील्स) यांच्यामार्फत ट्रिब्युनलपर्यंत पोचू शकतो. वसुलीच्या टप्प्यावर निघालेला प्रत्येक कागद ट्रिब्युनलच्या हद्दीबाहेर असतो, असे सरसकट समजणे म्हणूनच चुकीचे ठरते.

मग वसुली थांबवण्यासाठी लोक ट्रिब्युनलकडे जातात ते कशाच्या आधारावर? याचे उत्तर मोहम्मद कुन्ही यांच्या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे, आणि 71 आयटीआर 815 (इन्कम टॅक्स रिपोर्ट्स या निकालसंग्रहाचा खंड आणि पान) हा संदर्भ प्रत्येक उमेदवाराने पाठच करावा. अपील ऐकण्याच्या अधिकारातच ते अपील निष्फळ होऊ न देण्याचा आनुषंगिक अधिकार सामावलेला आहे, असे न्यायालयाने त्यात सांगितले. मात्र ही स्थगिती रिवाज म्हणून द्यायची नसून सकृद्दर्शनी भक्कम बाजू दिसली तरच द्यायची, हेही बजावले. म्हणजे ट्रिब्युनल नोटिशीची वैधता तपासत नाही. आपल्यापुढील अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्या मागणीची वसुली धरून ठेवते. अपील तिथे प्रलंबित नसेल, तर आनुषंगिक अधिकाराला टेकायला जागाच उरत नाही.

भिवंडीच्या प्रकरणात नेमके हेच झाले होते. करनिर्धारणाविरुद्धचे पहिले अपील कमिशनर (अपील्स) यांच्याकडे पडून होते आणि त्या काळात वसुली थांबवण्याची विनंती करणारा कलम 220(6) खालचा अर्ज कोणी केलाच नव्हता. तो अर्ज आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी करनिर्धारण अधिकाऱ्याकडे दिला. 31 जुलै 2017 च्या केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या सूचनेनुसार पहिल्या अपिलाच्या काळात स्थगितीसाठी साधारणपणे मागणीच्या 20 टक्के रक्कम भरावी लागते, पण त्याहून कमी रकमेवर स्थगिती देण्याची अधिकाऱ्याला मुभा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये एलजी इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. जोडीला मुंबई उच्च न्यायालयाचे केईसी इंटरनॅशनल (2001) आणि यूटीआय म्युच्युअल फंड (2012) हे दोन निकाल लावले. खाते गोठवले तरी त्यातली रक्कम काढून घेण्यापूर्वी करदात्याला वाजवी अवधीची सूचना द्यावी, असे दुसऱ्या निकालात म्हटले आहे. रक्कम हप्त्यांनी भरायचे ठरले आणि नवव्या दिवशी खाते मोकळे झाले. माझे अकरा मुद्दे फाइलमध्ये तसेच राहिले.

प्रकरण खरोखर ट्रिब्युनलपुढे असते तेव्हा स्थगिती अर्जाचा मसुदा फार काळजीने करावा लागतो. ट्रिब्युनलच्या 1963 च्या नियमांतील नियम 35अ मध्ये अर्जात काय हवे ते सांगितले आहे आणि त्याप्रमाणे नसलेला अर्ज तडकाफडकी फेटाळला जाऊ शकतो. त्यात मागणीची नेमकी रक्कम, त्यातली वादात नसलेली रक्कम आणि शिल्लक थकबाकी, हे तिन्ही आकडे वेगवेगळे द्यावे लागतात, आणि नवखा माणूस अडखळतो तो इथेच. कमिशनर (अपील्स) यांनी थोडा दिलासा दिलेला असतो, पण त्या आदेशाची अंमलबजावणी करून सुधारित मागणी काढलेली नसते, आणि आयकर खात्याच्या पोर्टलवर जुनाच आकडा दिसत राहतो. तो आकडा डोळे झाकून उतरवला, तर खात्याच्या प्रतिनिधीचा पहिला आक्षेप त्यावरच येतो आणि सुनावणी पुढे जाते. खात्याकडे आधी स्थगिती मागितली होती का, त्याचे काय झाले, तारण द्यायची तयारी आहे का, हेही लिहून सोबत प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. फी 500 रुपये आहे. आर्थिक अडचण नुसती सांगून भागत नाही. बँकेचे उतारे आणि ताळेबंद जोडलेला अर्ज वजनदार ठरतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

2020 च्या वित्त कायद्यानंतर कलम 254(2अ) खाली ट्रिब्युनलची स्थगितीही 20 टक्के रक्कम भरण्याच्या किंवा तेवढ्या तारणाच्या अटीवरच मिळते. ती 180 दिवसांची असते आणि वाढवली तरी कायद्याच्या शब्दांप्रमाणे एकूण 365 दिवसांपलीकडे जात नाही. 365 दिवसांनंतर विलंब करदात्याचा नसला तरीही स्थगिती आपोआप संपेल, ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने पेप्सी फूड्सच्या प्रकरणात 6 एप्रिल 2021 रोजी घटनाबाह्य ठरवली. त्यामुळे आता करदात्यामुळे विलंब झाला असेल तरच ती त्या कारणाने संपते. या निकालाने नवे वकील निर्धास्त होतात, ते मला पटत नाही. विलंब आपल्यामुळे झालेला नाही हे रोजनाम्यातून दिसावे लागते, आणि आपणच तीनदा तारीख मागितलेली असेल तर तो रोजनामा आपल्याच विरुद्ध बोलतो.

इथे दिलेले कलमांचे आकडे 1961 च्या कायद्यातले आहेत. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. मात्र हातात येणाऱ्या जुन्या वर्षांच्या फायलींना अजून बराच काळ जुनेच आकडे लागतील. स्थगितीचा आदेश मिळाला की 180वा दिवस मोजून, त्याच्या महिनाभर आधीच्या पानावर मी मुदतवाढीच्या अर्जाची नोंद लाल शाईने करून ठेवतो आणि अशिलालाही ती तारीख त्याच दिवशी लेखी कळवतो.