पहिला स्क्रू फिरवण्याआधी

लॅपटॉप काउंटरवर आला की आधी जॉबशीट भरायची, आणि तीही गिऱ्हाईक समोर उभं असतानाच. मॉडेल आणि सिरीयल नंबर तळाच्या स्टिकरवरून उतरवून घ्यायचा. स्टिकर झिजला असेल तर फोनचा टॉर्च तिरका धरला की बहुतेक वेळा अक्षरं दिसतात. हिंजजवळची चीर, चेपलेला कोपरा, गायब स्क्रू, निघालेले रबरी पाय, पॅनेलवरचा पांढरट डाग, सगळ्याचे फोटो त्यांच्यासमोरच काढायचे. आमच्या सांगलीत अजून पुष्कळ व्यवहार तोंडी चालतो. तोंडी व्यवहारात लोक आपल्यावर विश्वास टाकून जातात, म्हणून तर लिहून ठेवायची जबाबदारी आपली जास्त. अडॅप्टर ठेवून घ्यायचाच. "तुमच्याकडे असेल की चार्जर" म्हणत लोक तो परत पिशवीत टाकतात, आणि कित्येकदा दुखणं नेमकं त्या पिशवीतूनच घरी जातं.

मग विचारायचं, नेमकं काय झालं होतं? "आपोआप बंद पडला" हे उत्तर ठरलेलं. कॉलेजचा मुलगा वडिलांबरोबर आला असेल तर चहा सांडल्याचं तो सांगणार नाही. म्हणून मी सरळ म्हणतो, "ओल लागली असेल तर आत्ताच सांग, खर्च कमी येतो." हे खरंच आहे. साखर-दुधाचा चहा वाळला की आतल्या मदरबोर्डावर चिकट थर राहतो, तो हवेतली ओल धरून ठेवतो, आणि बॅटरी जोडलेली असली की तांबं हिरवं पडायला लागतं. दुसऱ्या दिवशी उघडला तर ब्रश आणि आयपीएवर, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलवर, भागतं. पंधरा दिवसांनी उघडला तर बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅकच खाल्लेला असतो. किबोर्ड नाकाजवळ नेऊन वास घ्यायचा, दुधाचा आंबूस वास कळतो. आत बऱ्याच कंपन्या ओल दाखवणारे बारीक पांढरे स्टिकर लावतात, ते लाल झालेले असतील तर उघडल्यावर खुलासा होतोच.

कुणी घरून फोन करून सांडल्याचं सांगितलं तर उत्तर पाठ असावं: चालू करून बघू नका, चार्जर लावू नका, हेअर ड्रायर नको, तांदळाच्या डब्यात ठेवू नका. पॉवर बटण दाबून धरून बंद करा, पाणी खाली निथळेल असा पालथा ठेवा, आणि आजच घेऊन या. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर दोन महिने माझ्या बाकावर गाळ भरलेलेच लॅपटॉप होते. ज्यांनी वाळवून "एकदा फक्त चालू होतो का ते बघितलं", त्यांचे बोर्ड बहुतेक गेले. ज्यांनी पिशवीत गुंडाळून तसेच आणले, त्यांतले बरेच बॅटरी काढून, डिस्टिल्ड वॉटरने आणि मग आयपीएने धुऊन, नीट सुकवून उभे राहिले.

काम कोणतं करायचं तेही शब्दांत लिहून घ्यायचं. "सर्व्हिसिंग" या एका शब्दात कुणाला पंखा साफ हवा असतो, कुणाला नवीन विंडोज. विंडोज 10 चे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबल्यापासून "अकरा टाकून द्या" म्हणणारे रोज येतात; टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप आहे का आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा आहे का, हे बघितल्याशिवाय हो म्हणू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आत काय आहे, आणि त्याची दुसरी प्रत कुठे आहे? हा प्रश्न न विचारता लॅपटॉप बाकावर घ्यायचा नाही. मला हे एका मार्चअखेरीने शिकवलं. हिशेबाचं काम करणाऱ्या एक ताई लॅपटॉप घेऊन आल्या होत्या, तक्रार फक्त पंखा जोरात फिरतो एवढीच. मी साफसफाई केली, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलली, आणि जाता जाता बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) अपडेट मारला. रीस्टार्ट झाल्यावर निळ्या पडद्यावर बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क लॉकने, 48 आकडी रिकव्हरी की मागितली. ताईंना असं काही लॉक लावल्याचं माहीतच नव्हतं, आणि ते त्यांनी लावलंही नव्हतं. ज्या दुकानातून लॅपटॉप घेतला तिथल्या मुलाने सुरुवातीला कुठल्यातरी ईमेलने खातं उघडून दिलं होतं. त्या खात्याचा पासवर्ड कुणाकडेच नव्हता, म्हणजे कीसुद्धा नव्हती. ईमेलमधून जेवढं सापडलं तेवढं सापडलं, बाकी काम त्यांनी रात्री जागून पुन्हा केलं. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. ते अजून सलतं.

तेव्हापासून माझ्या जॉबशीटवर एक ओळ कायमची आहे: एन्क्रिप्शन (डिस्कचं लॉक) चालू आहे का, रिकव्हरी की कुठे आहे? नव्या विंडोज 11 च्या मशिनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिस्क आपोआप लॉक होऊ शकते, त्यामुळे "मी काही लावलं नाही" या उत्तरावर थांबायचं नाही. मशिन चालू असेल तर सेटिंगमध्ये बघायचं, गिऱ्हाइकाला त्यांच्याच फोनवरून खातं उघडायला लावून की कागदावर उतरवून घ्यायला सांगायचं, आणि बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर तात्पुरता थांबवायचा. बोर्ड बदलायचा असेल तर की हातात असल्याशिवाय सुरुवातच नको.

पासवर्ड शक्यतो घेऊच नये. माझ्याकडे लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह कायम तयार असतो, त्यावरूनच लॅपटॉप चालू करता येतो, आतल्या विंडोजची गरज नाही. बायोसमधल्या सेटिंग न बदलता बूट मेनूतून तो चालवला की वायफाय, आवाज, कॅमेरा, किबोर्ड, टचपॅड सगळं तपासता येतं, आणि कुणाचे फोटो, कुणाची पत्रं आपल्यासमोर येत नाहीत. एखादी मुलगी लॅपटॉप ठेवताना क्षणभर घुटमळते तेव्हा तिच्या मनात काय असतं ते आपल्याला कळलं पाहिजे. तिला हा पेन ड्राइव्ह दाखवायचा, काय करणार ते सांगायचं.

डिस्कची तब्येतही उघडण्याआधीच बघायची. क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम चालवून 05, सी5 आणि सी6 या तीन ओळी वाचायच्या, डिस्कवरच्या खराब किंवा संशयास्पद जागांचे आकडे तिथे असतात. जुन्या हार्ड डिस्कवर सी5 मध्ये शून्याशिवाय काही दिसलं किंवा टकटक असा आवाज येत असेल, तर सगळी कामं बाजूला ठेवून आधी तिची प्रत काढायची. इथे नवीन मुलं हमखास घाई करतात. विंडोज हळू चालतंय म्हणून चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी सोय) लावतात किंवा सरळ फॉरमॅट मारतात. मरायला टेकलेल्या डिस्कला चेकडिस्क म्हणजे दम लागलेल्या माणसाला जिना चढायला लावणं. डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने जेवढं सहज वाचतं तेवढं आधी उचलायचं, अडलेल्या जागांकडे नंतर यायचं. गिऱ्हाईक म्हणालं "काही नाही त्यात, उडवा", तरी एकदा विचारायचं, मुलांचे फोटो? टॅलीचा डेटा? पुष्कळदा समोरचा माणूस खुर्चीवर बसतो आणि म्हणतो, "थांबा हं जरा, घरी विचारतो."

बंद लॅपटॉपची बाहेरून होणारी तपासणीही याच टप्प्यातली. अडॅप्टरवर लिहिलेलं वाचायचं, 19.5 व्होल्ट 3.34 अँपिअर म्हणजे 65 वॉट. मल्टिमीटरवर व्होल्टेज बरोबर आलं तरी समाधान मानू नये. लोड आल्यावर व्होल्टेज खाली बसणारे अडॅप्टर खूप असतात, म्हणून आपल्या खात्रीचा अडॅप्टर लावून बघायचा. काही कंपन्यांच्या पिनच्या मधोमध ओळख पटवणारी बारीक तार असते. ती तुटली की लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज होत नाही, आणि लोक बॅटरी बदलून बसतात. टाइप सी असेल तर चार्जर आणि लॅपटॉपच्या मधे व्होल्टेज दाखवणारा मीटर लावायचा. 65 वॉटच्या चार्जरवर 20 व्होल्टवर चढला तर दोघांचं बोलणं जमलं, 5 वरच अडकला तर चार्जर, केबल किंवा बोर्डावरचं पोर्ट, यांतलं एक. मग चार्जर काढून पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरायचं. एवढ्याने जागे होणारे लॅपटॉप दर महिन्याला येतात, आणि त्याचे पैसे घेऊ नयेत असं माझं मत आहे. स्क्रीन काळी असेल तर टॉर्च मारून बघायचं, पुसट चित्र दिसलं तर पॅनेल जिवंत आहे, बॅकलाइट गेला. एचडीएमआयने बाहेरचा मॉनिटर लावायचा, कॅप्स लॉकचा दिवा लागतो का बघायचं, दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून लिहायचं. डीडीआर5 ची रॅम नवीन घातल्यावर पहिल्या वेळी पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो, तेवढा धीर धरायचा.

आता बाक. उजेड वरून नको, डाव्या हाताच्या बाजूने हवा, म्हणजे स्क्रू फिरवताना स्वतःची सावली पडत नाही. मॅट स्वच्छ, चहाचा कप दुसऱ्या टेबलावर. अंगावरची स्थिर वीज उतरवणारा मनगटी पट्टा अर्थिंगला जोडलेला, पण त्या अर्थिंगची खात्री आधी. आपल्या जुन्या इमारतींत तीन पिनचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या पिनमागे कित्येकदा काहीच नसतं. मीटरने फेज आणि अर्थ मोजायचं, 230 च्या आसपास यायला हवं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर नको. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात अशी तक्रार असेल तर घरच्या सॉकेटची चौकशी करायला सांगायचं. थंडीत हवा कोरडी असते, अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून स्वेटर काढून थेट रॅमला हात लावायचा नाही.

हत्यारांत स्क्रूड्रायव्हरचे बिट पीएच0, पीएच00, टी5, मॅकबुकसाठी पी5, प्लास्टिकचे पिक, नायलॉनची पट्टी आणि बारीक चिमटा. बिटचं टोक झिजलं की फेकून द्यायचं. झिजलेल्या बिटने स्क्रूचं डोकं खाल्लं की दहा मिनिटांचं काम दोन तासांवर जातं. स्क्रू ठेवायला कोऱ्या कागदावर तळाच्या कव्हरचं चित्र काढायचं आणि जिथला स्क्रू तिथेच चिकटपट्टीने लावायचा. हे पोरखेळ वाटतं, पण एम2 चा, म्हणजे 2 मिलिमीटर जाडीचा, 3 मिलिमीटर लांब आणि 6 मिलिमीटर लांब स्क्रू बोटांत सारखेच लागतात. 6 चा चुकून 3 च्या जागी गेला की तो वर पामरेस्टवर (किबोर्डखालच्या मनगट टेकायच्या जागेवर) फोड आणतो किंवा खाली बोर्डात शिरतो. दुसरीकडून आलेल्या एका लॅपटॉपमध्ये मी टचपॅडच्या रिबनमधून (चपट्या केबलमधून) आरपार गेलेला स्क्रू पाहिला आहे. गिऱ्हाईक सहा महिने माउस लावून काम करत होतं.

आयपीए 99 टक्क्यांचा. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. थर्मल पेस्ट, आणि थर्मल पॅड 0.5, 1 आणि 1.5 मिलिमीटरचे, कारण जुना पॅड मोजून त्याच जाडीचा लावावा लागतो. जाड लावला तर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) प्रोसेसरवर टेकत नाही. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरायचं. नुसती हवा मारून भागत नाही, पंखा आणि जाळीच्या मधे धुळीची जी गोधडी साठते ती पंखा सोडवूनच निघते.

सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून मागवायचे तर उघडून बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नये. पॅनेल 30 पिनचं की 40 पिनचं, बॅटरीवर छापलेला पार्ट नंबर कोणता, किबोर्डला दिवा आहे का. म्हणून अंदाजे खर्च आणि तपासणीचे पैसे आधीच सांगून ठेवायचे, नाही दुरुस्त झाला तर किती ते सुद्धा.

बॅटरी फुगली असल्याची शंका असेल तर तयारी वेगळी. टचपॅड दाबला जात नाही, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो, झाकणात फट दिसते, ही खूण. मग चार्जर लावायचा नाही, धातूची पट्टी घालायची नाही, शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवायची आणि खिडकी उघडायची. काढलेली बॅटरी कचऱ्यात जात नाही. बॅटरी कचऱ्याच्या 2022 च्या नियमांप्रमाणे ती अधिकृत गोळा करणाऱ्याकडेच द्यायची. मी तोवर वाळूच्या डब्यात ठेवतो.

एवढं झालं की लॅपटॉप पालथा करायचा. स्क्रू सगळे निघाले का मोजायचं, रबरी पायांखाली लपलेले धरून. कव्हर अडत असेल तर जोर लावायचा नाही, एखादा राहिलाय. पिक घालून कडेकडेने लॉक सोडवायचे आणि कव्हर आधी बोटभरच उचलून आत डोकवायचं, एखादी रिबन कव्हरला चिकटलेली असू शकते. पहिला हात बॅटरीच्या कनेक्टरला, वायर धरून न ओढता, दोन्ही बाजूंनी नखाने सरकवत. नंतर पॉवर बटण वीस सेकंद दाबून धरायचं. डिस्प्लेची केबल याच्या आधी काढली तर बॅकलाइटचा फ्यूज उडू शकतो. मीटर लावून बोर्डावर शून्य दाखवलं की पट्टा मनगटावर आहे ना बघायचं, आणि रॅमकडे वळायचं.